ज्या दिवशी रांगोळी नसेल

पाथरीच्या त्या रांगोळी स्पर्धेत एकेचाळीस बाया होत्या आणि एक गडी. आणि योग असा, की त्या एकुलत्या एका गड्याचा चौकोन नेमका राजेश्रीच्या शेजारी आला.

राजेश्री वालूरची. गावातल्या शाळेत शिकवायची, आणि ठिपक्यांच्या रांगोळीत अख्ख्या सेलू तालुक्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्या दिवशी संक्रांतीच्या आधीचं बोचरं वारं मैदानात शिरलं आणि तिची निम्मी पांढरी रांगोळी बघता बघता उडून गेली. आता मोर पूर्ण कसा करायचा, म्हणून ती रिकाम्या डब्याकडे बघत बसली.

"पांढरी संपली व्हय?" शेजारून आवाज आला.

"संपली न्हाई. वाऱ्यानं नेली."

"मग घ्या की यातली. मी मेंढरं काढायलोय, पांढरी लय आणलीय."

तिनं मान वळवून पाहिलं. सावळा, किडकिडीत, गालावर रंगाचा फराटा... आणि त्याच्या चौकोनात खरोखरच एक कळप चालला होता. लोकर अशी उतरली होती की हात फिरवावासा वाटावा. पण मास्तरणीची नजर ती, चूक दिसल्याशिवाय राहते होय?

"मेंढरं लय चांगली आलीत," ती म्हणाली. "पण त्या कडेच्या मेंढराला पाच पाय हायत."

त्यानं बोट लावून मोजले. "ते शेपूट हाय."

"शेपूट जमिनीला टेकलंय."

"दमलंय हो ते... चुडाव्याहून चालत आलंय."

राजेश्रीला असं हसू फुटलं की हातातली चिमूट सुटली आणि मोराच्या मानेवर भलतीच रेघ पडली. दोघांनाही पहिला नंबर मिळाला नाही. उत्तेजनार्थ म्हणून एकेक स्टीलची ताटली मिळाली. त्याचं नाव अमृत, गाव चुडावा. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, घरी चौसष्ट मेंढरं होती. "कुणी नाव विचारलं तर पाच पायाच्या मेंढरावाला म्हना," असं सांगून तो गेला. बायकांच्या रांगोळी ग्रुपवर त्याला त्याच संध्याकाळी घेण्यात आलं, आणि राजेश्रीच्या फोनमध्ये त्याचा नंबर त्याच नावानं पडला.

महिनाभर सगळं गमतीचं होतं. तिनं रांगोळी टाकली की त्यानं खाली लिहायचं, 'ठिपके मोजले, एक कमी हाय.' तिनं पुन्हा मोजायचे, बरोबर निघायचे, मग चिडायचं. चिडल्यावरही फोन हातातून खाली ठेवायचा नाही, हे तिचं तिलाच उशिरा कळलं.

मग फेब्रुवारीत तिच्या आईच्या, कासाबाईच्या, छातीत गाठ निघाली.

वडील जाऊन नऊ वर्षं झालेली. घरात दोघीच. आईला घेऊन राजेश्री नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टर बोलत होते, तिला फक्त 'आठ वेळा केमो' एवढंच ऐकू आलं. कागद छातीशी धरून ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. शेजारी कुणी तरी गुडघ्यात मान घालून बसलं होतं. त्याच्या बोटांच्या नखांत निळा रंग होता.

"पाच पायाचं मेंढरू?" तिच्या तोंडून निघून गेलं.

अमृतनं मान वर केली. डोळे लाल झालेले. त्याच्या वडिलांना, रायभान अण्णांना, लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती.

राजेश्रीनं आईचा कागद त्याच्यापुढं धरला. मग त्यानं उठून चहा आणला, एक कप तिच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन वॉर्डात कासाबाईंकडे गेला. कासाबाईंच्या हाताला सलाईन लावलेलं, तरी पाच मिनिटांत त्यांनी त्याचं आडनाव, गाव, मामाचं गाव आणि शेरडं-मेंढरं किती, एवढं सगळं काढून घेतलं. "मानसं आपल्यातलीच हायत गं," त्या लेकीला म्हणाल्या. राजेश्री लाजेनं खिडकीबाहेर बघत राहिली.

दुःखाचे दिवस तसे एकट्यानंच काढायचे असतात, पण त्या दिवसांत कुणी तरी आपल्यासारखंच जागं आहे हे ठाऊक असलं की फार आधार वाटतो. या दोघांचं तसंच झालं.

रायभान अण्णा म्हणजे तापट माणूस. पोराच्या रांगोळीला ते आयुष्यभर 'बायकी धंदा' म्हणत आलेले. डॉक्टरांनी बोटं हलवायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी डाव्या हातानं भिरकावून दिला. "मी काय लेकरू हाय?" अमृतनं हे रडवेलं होऊन फोनवर सांगितलं.

"रांगोळी द्या त्यांच्या हातात," राजेश्री म्हणाली. "चिमूट धरली की बोटं चालतात."

"अण्णाच्या हातात रांगोळी? मला घराबाहेर काढतील!"

"त्यांना रांगोळी म्हनूच नका. म्हना, मेंढरं मोजायचीत. एक मेंढरू, एक ठिपका."

मग तो हळूच म्हणाला, "तुमी मास्तरीण शोभता बरं का."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो आला. ठिपका कसला, पांढरा फराटाच होता तो. खाली लिहिलं होतं, 'एक मेंढरू. पण पाचच्या वर पाय हायत.' राजेश्री दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं.

तेव्हापासून रिवाजच पडला. सकाळी सातला इकडून दारातल्या रांगोळीचा फोटो जायचा, तिकडून अण्णांच्या मेंढरांचा यायचा. तीन ठिपके... सात ठिपके... जूनमध्ये वीस झाले. कासाबाईंना घेऊन दर एकवीस दिवसांनी नांदेडला जायचं असे, तेव्हा राजेश्री पहाटे चारला सडा टाकून रांगोळी काढूनच निघायची. दवाखान्यात मुक्काम पडला तर त्या उत्तेजनार्थ ताटलीत काढायची. नर्सबाई सुद्धा वाकून बघायच्या.

सेलूहून नांदेडला जाणारी पॅसेंजर वाटेत चुडाव्याला दोन मिनिटं थांबते. त्या दोन मिनिटांत अमृत खिडकीशी हजर. हातात त्याच्या आईनं, चतुराबाईनं, केलेल्या आंबिलीची बाटली. केमोनं कासाबाईंच्या तोंडाची चव पार गेली होती. काहीही खाल्लं तरी त्या म्हणायच्या, "माती खाल्ल्यावानी वाटतंय बघ." पण आंबील तेवढी पोटात राहायची.

मे महिन्यात एकदा वळवाचा धो धो पाऊस लागला होता. अमृतनं डोक्यावरचं घोंगडं काढून खिडकीवर धरलं, म्हणजे कासाबाईंवर थेंब येऊ नये. स्वतः नखशिखांत भिजला.

"अहो, भिजायलात की!" राजेश्री म्हणाली.

"मेंढरामागं फिरणारा मानूस. पावसाला काय भितोय?"

"मग थरथरायलात कशानं?"

तो तिच्या हाताकडे बघत राहिला. बाटली घेताना तिची बोटं त्याच्या बोटांवर तशीच राहून गेली होती... गाडीनं शिट्टी दिली. ओल्या लोकरीचा वास नांदेडपर्यंत तिच्या ओढणीला होता, आणि कासाबाई डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन पडल्या होत्या.

पाचव्या केमोनंतर मात्र फार वाईट दिवस आले. ताप हटेना. पांढऱ्या पेशी घसरल्या. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येत नाही. अमृत अण्णांना तपासणीला घेऊन आला होता, तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिच्याजवळ येऊन बसला.

"मला एक वचन द्या," राजेश्री म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "आईचं काही झालं तर... मला ते तोंडानं सांगता यायचं न्हाई. घरात सुतक असलं की दारात रांगोळी पडत न्हाई, तुमाला ठाऊक हाय. ज्या दिवशी आमच्या दारात रांगोळी नसंल, त्या दिवशी मला विचारू नका. समजून घ्या."

अमृतला खूप काही बोलायचं होतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "रोज असंल रांगोळी. बघा तुमी."

कासाबाई त्यातून निघाल्या. सहावी, सातवी, आठवी केमो पार पडली. डोक्यावर मऊ, कापसासारखे केस उगवायला लागले. आणि सप्टेंबरात शेवटच्या तपासणीचा दिवस आला. गाठ गेली की राहिली, ते त्या दिवशी कळणार होतं. सकाळी चुडाव्याला अमृतनं बाटली दिली आणि गाडी सुटली तरी खिडकीच्या गजाला धरून चालत राहिला.

संध्याकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि हसून म्हणाले, "मावशी, आता गाठ नाही. तीन महिन्यांनी फक्त दाखवायला या."

राजेश्रीनं पहिल्यांदा फोन काढला. फोन मेलेला. दिवसभर रांगेत बसून चार्जिंग संपलं होतं, आणि नंबर तरी आजकाल कुणाचा पाठ असतो? परतीला एक्सप्रेस मिळाली. ती चुडाव्याला थांबत नाही. स्टेशन झपकन मागं गेलं. दिव्याखाली घोंगडं घेऊन कुणी तरी उभं होतं, पॅसेंजरची वाट बघत. राजेश्री खिडकीतून जीव तोडून हात हलवत राहिली. त्यानं बघितलंच नाही.

वालूरला पोचल्या तर गावात लाईट नव्हती. 'असू दे,' तिनं मनाशी ठरवलं. 'उद्या सकाळी आजवर काढली नाही अशी रांगोळी काढते. तिच्या फोटोखालीच सांगते.' हे ठरवताना तिला इतकं बरं वाटलं, की पाठ टेकताच डोळा लागला.

आणि सात महिन्यांत पहिल्यांदा ती पहाटे उठली नाही.

पाच वाजले, सहा वाजले, सात वाजले. कासाबाईंनी लेकीच्या अंगावर गोधडी ओढली. त्यांच्या बोटांना अजून मुंग्या यायच्या, चिमूट धरता यायची नाही, त्यामुळे रांगोळीचा प्रश्नच नव्हता. कुणी हाक मारून उठवू नये म्हणून त्यांनी बाहेरचं दार लावून घेतलं आणि उशिरानं शेंगा निवडायला तेवढ्या ओसरीवर येऊन बसल्या. किती दिवसांची झोप होती पोरीच्या डोळ्यांवर!

राजेश्रीला जाग आली ती मोटारसायकलच्या आवाजानं. उन्ह पार खोलीत आलेलं. बाहेर ओसरीवर कुणी तरी हुंदके देत होतं.

"कधी झालं?" फाटक्या आवाजात कुणी तरी विचारत होतं.

"काय कधी झालं?" हा आईचा आवाज.

"मावशीचं... कधी झालं?"

"अरं, कोन्या मावशीचं?"

"कासामावशीचं..."

"मला काय झालंय? मी ही बसलेय न्हवं तुझ्यापुढं!"

राजेश्री केस न आवरताच बाहेर धावली. ओसरीच्या पायरीवर अमृत बसला होता. रुमालात तोंड खुपसलेलं, अंगावर धुरळा. समोर कासाबाई मांडी घालून शेंगा निवडत होत्या. त्यानं हळूहळू रुमाल खाली केला. कासाबाईंकडे बघितलं, मग राजेश्रीकडे, मग पुन्हा कासाबाईंकडे. त्याच्या काखेतलं पांढऱ्या फडक्याचं गाठोडं घसरून खाली पडलं.

"रांगोळी नव्हती," तो पुटपुटला.

राजेश्रीला आठवलं, आपण पायऱ्यांवर काय बोललो होतो ते.

मग त्यानं तुटक तुटक सांगितलं. रात्री पॅसेंजरच्या खिडकीत कुणी दिसलं नाही. फोन बंद. सकाळी सात वाजले, फोटो नाही. साडेसातला त्यानं, तिच्या फोटोंत मागं दिसणाऱ्या पाटीवरचा नंबर बघून, घरासमोरच्या सिताराम किराणावाल्याला फोन केला. तो बिचारा बाहेर डोकावून म्हणाला, "दार लावलेलं हाय, आन् रांगोळी काय दिसंना दारात." दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, झोप लागली असेल. पण रांगोळीवाल्याला दारात रांगोळी नाही म्हटल्यावर आणखी काय सुचणार? आणि वचनही तसंच दिलेलं. सगळा जिल्हा तुडवत तो आला होता.

"मला झोप लागली," राजेश्री म्हणाली. "गाठ गेली, अमृत. रिपोर्ट चांगला आला... आन् मला फक्त झोप लागली."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिलाही आवरेना.

कासाबाईंचं लक्ष मात्र गाठोड्याकडे होतं. त्यांनी ते ओढून सोडलं. आत ज्वारीच्या भाकरी आणि पिठलं.

"ही कडू भाकर की रं," त्या म्हणाल्या.

अमृतचं तोंड एवढंसं झालं. मौत झालेल्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा सोयऱ्यांनी पहिला घास घेऊन जायचा, ही त्यांच्यातली रीत. "चुकलं, मावशी... आईनं बांधून दिली. मी फेकून देतो."

"थांब. अन्न हाय ते." कासाबाईंनी गाठोडं आपल्याकडे घेतलं. त्यांचे डोळे बारीक झाले. "कडू भाकर सोयऱ्याच्या घरून येती. तुमी आमचे कोन सोयरे?"

समोरच्या दुकानात सिताराम तराजू हातात धरून तसाच उभा.

"मी आईला तेच म्हनलो," अमृत मान खाली घालून म्हणाला. "आई म्हनली, सात महिने त्या गाडीत आपलं मानूस जायलंय, आपन न्यायची न्हाई तर कुनी न्यायची? आन् अण्णानी..." त्याचा आवाज पुन्हा भरून आला. "अण्णानी आज ठिपका ठेवला न्हाई. म्हनले, सोयऱ्याच्या दारात रांगोळी न्हाई, तर आपल्या दारात कशी पडंल?"

कालच त्यांचे साठ ठिपके झाले होते. पोराच्या रांगोळीला नावं ठेवणारा तो तापट माणूस राजेश्रीच्या आईचं सुतक पाळून बसला होता.

"तुमच्या आईचं झालं, अण्णाचं झालं," ती हळूच म्हणाली. "तुमचं काय?"

"माझं?" अमृतनं वर बघितलं. आता मात्र त्याची नजर हलली नाही. "मी पाथरीपासूनच... ते शेपूट न्हवतं, राजेश्री. पाचवा पायच होता. तुमच्याकडं बघत बघत काढला म्हनून चुकला."

तिचे विस्कटलेले केस, सुजलेले डोळे, अंगातला चुरगळलेला गाऊन... असल्या अवतारात कुणी मुलीला विचारतं का? पण तिला त्या घटकेला त्याच्याइतकं जवळचं कुणी वाटत नव्हतं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "शेपूट असं कुठं असतं होय! आन् माझंही हो हाय... तू विचारायच्या आधीपासून."

'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते तिला बोलून गेल्यावर कळलं. तिनं ओढणी शोधायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

कासाबाईंनी काहीच ऐकलं नसल्यासारखा भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला.

"आई! मेलेल्या मानसाची भाकर ती!"

"म्हनूनच खायलेय. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं." त्यांनी घास चावला. मग चावता चावता थांबल्या. कपाळाला आठी पडली. "मीठ कमी हाय."

राजेश्रीला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं.

"काय म्हनलीस?"

"पिठल्यात मीठ कमी हाय म्हनते. चतुराबाई घाईत विसरली असंल." आणि मग कासाबाईंनाही कळलं. त्यांनी जीभ टाळ्याला लावून पुन्हा चव घेतली. सात महिन्यांत त्यांना मातीशिवाय कसलीच चव लागली नव्हती. "अगं... मला कळायलंय. लसूण हाय. मिरची हाय. मीठच कमी हाय."

राजेश्रीनं आईच्या गळ्यात हात टाकले आणि लहान पोरीसारखी मोठ्यांदा रडली. अमृत मीठ आणायला म्हणून आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

पोटभर खाऊन झाल्यावर कासाबाईंनी फडकं झटकलं आणि लेकीला साखरेचा डबा आणायला सांगितला. आलेलं फडकं रिकामं परत पाठवायचं नसतं. त्यांनी सगळी साखर त्यात ओतली आणि मुंग्या आलेल्या बोटांनीच, सावकाश, गाठ मारली.

"चतुराबाईला दे," त्या अमृतला म्हणाल्या. "म्हनावं, पुढच्या टायमाला पिठलं नको, पुरण घालून वाढ. आमी येनार हावोत."

दुपारचे बारा वाजायला आले होते. या वेळी कुणी दारात रांगोळी काढतं का? पण राजेश्रीनं सडा टाकला. तिनं ठिपके ठेवले, त्यानं रेघा जोडल्या. मधेच त्यानं तिच्या कानाशी वाकून "एक ठिपका कमी हाय" म्हटलं आणि तिनं चिमूटभर पांढरी रांगोळी त्याच्या नाकावर सोडली. समोरून सिताराम मोठ्यांदा खाकरला.

लाईट आली. फोन चालू झाला. फोटो चुडाव्याला गेला आणि पाठोपाठ राजेश्रीनं फोन लावला. पलीकडे कुणी तरी जोरजोरात श्वास घेत होतं, शब्द जुळवत होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "मी वालूरहून राजेश्री बोलायलेय. आई चांगली हाय. आमच्या दारात रांगोळी पडली... आता तुमची मेंढरं मोजायला घ्या."